साताऱ्याहून पठारं पकडत शिराळ्यापर्यंत : ४ दिवस माउंटन बाईक आणि तंबू, डिसेंबर

रानवाट

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चौघं निघतोय. सगळे मुरलेले आहेत, घाट आणि खडकाळ उतार कुणाला नवे नाहीत. पण सामान लादून ३ रात्री बाहेर काढायचा हिशेब वेगळा, म्हणून हा धागा. सोबत गाडी नाही. तीन हार्डटेल (शॉक फक्त पुढे), एक फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे), सगळ्या २९ इंची.

आराखडा असा :

पहिला दिवस : सातारा – सज्जनगड फाटा – ठोसेघर – चाळकेवाडी. तीसेक किमी, बहुतेक डांबरी चढ. मुक्काम पठारावर, कड्याजवळ.
दुसरा : पवनचक्क्यांच्या कच्च्या रस्त्यांनी दक्षिणेला वनकुसवडे, मग पाटणला उतार. चाळीसेक किमी.
तिसरा : पाटण – नवारस्ता – दिवशी घाट – ढेबेवाडी.
चौथा : ढेबेवाडी खोऱ्यातून गुढे-पाचगणीचं पठार, पलीकडे शिराळा, शेवट पेठ नाका.

दुसरा एक पर्यायही नकाशावर आखलाय : बामणोलीहून लाँचने शिवसागर (कोयना धरणाचा जलाशय) ओलांडायचा आणि पश्चिम काठाने कोयनानगर गाठायचं. पाणी, सामान बांधायची पद्धत आणि मुक्कामाच्या जागा, या तिन्हींवर सविस्तर बोला.

कोयनाकाठ

तो दुसरा पर्याय आत्ताच खोडून टाका. शिवसागराचा पश्चिम काठ म्हणजे कोयना अभयारण्य. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आत परवानगीशिवाय जाता येत नाही आणि वासोट्याला परवानगी काढून जाणाऱ्यांनाही मुक्काम करू देत नाहीत. सायकल घेऊन काठाकाठाने जायचा प्रश्नच उद्भवत नाही. नकाशावर दिसणाऱ्या वाटा धरणात आणि अभयारण्यात उठलेल्या गावांच्या आहेत. कित्येक कारवीत बुजल्या आहेत, कित्येक पाण्याखाली आहेत. गवा आणि अस्वलाच्या मुलखात सायकलचा त्रास असा, की ती आवाज न करता वेगाने जनावराच्या अंगावर जाते. पायी माणसाची चाहूल जनावराला आधी लागते, सायकलची लागत नाही.

पहिला मार्ग चांगला आहे. त्यावरच डोकं लावा.

जांभ्यावर

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण या मार्गाचा मुक्काम पाणी ठरवतं. किलोमीटर त्यानंतर.

चाळकेवाडी, वनकुसवडे, गुढे-पाचगणी हे सगळे सडे, म्हणजे खडकाळ सपाट माथे. वर जांभा, खाली बसाल्ट. जांभा सच्छिद्र, त्यामुळे पावसाचं पाणी वर थांबत नाही, झिरपून खाली जातं. जांभा आणि बसाल्ट यांच्यामध्ये चिकण मातीचा थर असतो, तिथे ते अडतं आणि आडवं वाहत कड्याच्या पोटातून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. म्हणून ऑक्टोबरमध्ये सड्यावर दिसणारी डबकी डिसेंबरात कोरडी असतात, आणि त्याच वेळी माथ्यापासून बऱ्याच खाली, वाडीच्या वरच्या अंगाला, बारीक झरा चालू असतो. वाड्या कड्याच्या पोटाला का बसल्यात, त्याचं कारण हेच. कड्यावर तंबू ठोकला तर पाण्यासाठी तेवढं खाली उतरून भरल्या पिशव्या घेऊन परत चढावं लागेल, तेही दिवसभर सायकल मारल्यावर.

माणशी हिशेब : चालवताना ४ लिटर, संध्याकाळचा स्वयंपाक, चहा आणि रात्रीचं पिणं मिळून २ लिटर, सकाळी १ लिटर. सगळं एकदम पाठीवर नको. दिवसभर ३ लिटरची क्षमता ठेवा, भेटेल त्या वाडीत भरत चला. रिकाम्या मऊ पिशव्या माणशी आणखी ३ लिटरच्या बाळगा, त्या शेवटच्या वाडीत भरायच्या आणि तिथून मुक्काम २ किमीच्या आत ठेवायचा. ३ लिटर म्हणजे ३ किलो. खडबडीत वाटेवर सायकलचा तोल बदलतो. ते वजन फ्रेम बॅगेत खाली ठेवा, हँडलवर अजिबात नको.

झऱ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी वर गुरं चरतात. पिळायचा फिल्टर न्या, पण आधी सुती रुमालातून गाळा, नाहीतर लाल गाळाने फिल्टर दुसऱ्या दिवशीच तुंबतो. सोबत क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या असू द्या. क्लोरीनला निदान अर्धा तास द्यायचा, गढूळ आणि गार पाण्याला जास्त.

रानवाट

म्हणजे कड्याजवळचा मुक्काम रद्द करून वाडीजवळ?

जांभ्यावर

हो. त्याला आणखी दोन कारणं आहेत. सड्यावर मातीचा थर काही सेंटीमीटरचा, तंबूची खुंटी आत जातच नाही. मारली तर वाकते. आणि पवनचक्क्या तिथे उभ्या केल्यात त्या वाऱ्यासाठीच. डिसेंबरात पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असला तरी वाऱ्यात अंगाला तो बराच कमी वाटतो.

चेनलूब

सायकलींकडे वळू. क्रमवार सांगत नाही, जिथे मोडतं तिथून सांगतो.

टायर. २.३ किंवा २.४ इंची, बाजूची भिंत जाड असलेले. जांभा किसणीसारखा टायर खातो आणि बसाल्टच्या कडा भिंत कापतात. काटे वेगळेच, उताराच्या खालच्या टप्प्यात बाभळी आणि बोरी सुरू होतात. ट्यूबलेस नसेल तर आता करून घ्या. २९ × २.३ ला १०० ते १२० मिली सीलंट (भोकं बुजवणारा द्रव). आपल्याकडच्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, त्यामुळे जून-जुलैत भरलेलं डिसेंबरात आहे असं धरू नका. निघण्याच्या आठवडाभर आधी व्हॉल्व्हचा कोअर काढून बारीक काडी घालून बघा. काडी कोरडी आली तर भरा.

हवा नेहमीपेक्षा २–३ पीएसआय जास्त. ७५ किलोचा माणूस आणि १० किलो सामान असेल तर पुढे २२, मागे २६ पासून सुरू करा. नेहमीचीच हवा ठेवून सामान लादलं की मागचं रिम दगडावर आपटून वाकतं.

आता ज्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही ते. ट्यूबलेस टायर भिंतीत फाटला, प्लग बसला नाही, तर आत ट्यूब घालायची वेळ येते. तोपर्यंत त्या टायरमध्ये जुने दहा-पंधरा काटे असतात, सीलंटने त्यांची भोकं मिटवलेली असतात. ते न काढता ट्यूब घातली की दोन मिनिटांत ती पंक्चर. आतून पूर्ण टायर चाचपून बघायचा, प्रत्येक टोक पकडीने उपटायचं, मगच ट्यूब. कापलेल्या जागी आतून जुन्या टायरचा ६ × ४ सेंटीमीटर तुकडा. आणि व्हॉल्व्हची चकती घरीच पकडीने सैल करून हाताने घट्ट करून ठेवा. सीलंटने जाम झालेली चकती रानात बोटांनी सुटत नाही आणि ट्यूब असूनही उपयोग होत नाही.

ब्रेक. वनकुसवड्याहून पाटणला उतरताना उंचीतला फरक पाचशे मीटरच्या पुढे आहे, वर सामान. रेझिन पॅड सतत दाबून तापले की वरून काचेसारखे गुळगुळीत होतात आणि पकड जाते. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड आवाज करतात पण टिकतात. मात्र आधी रोटरवरचा (ब्रेकच्या चकतीवरचा) मजकूर वाचा. स्वस्तातल्या काही शिमानो रोटरवर फक्त रेझिन पॅड चालतील असं कोरलेलं असतं, त्यावर सिंटर्ड लावले तर रोटर लवकर झिजतो. पॅडचा मसाला १ मिलीमीटरवर आला असेल तर घरीच बदला आणि बसवून घ्या : मध्यम वेगाने येऊन चाक लॉक न करता १५–२० वेळा जोरात वेग कमी करा. उतारावर ब्रेक धरून ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा. शिमानोला मिनरल ऑइल लागतं, बऱ्याच स्रॅम ब्रेकना डॉट. एकमेकांत गेलं की सील फुगतात, म्हणून ब्लीड करून (तेल बदलून हवा काढून) घ्यायला दिलीत तर तेल कुठलं घालताय ते विचारा.

चेन. मोजपट्टीवर ०.५ टक्के दाखवत असेल आणि गिअर ११ किंवा १२ असतील, तर बदला. पण आदल्या रात्री नाही. झिजलेल्या कॅसेटवर नवी चेन ताण आला की उड्या मारते, आणि हे चढावरच कळतं. बदलून एक लांब चढ मारून बघायचा.

टेकडीपल्याड

सामानाबद्दल. पॅनियर (रॅकच्या बाजूंना लटकणाऱ्या बॅगा) नको, रॅक नको. डांबरी प्रवासाला पॅनियरसारखं सुख नाही, पण खडकाळ वाटेवर रॅकचे एम५ बोल्ट आधी सैल होतात, मग तुटतात, आणि तुटलेला तुकडा फ्रेमच्या आट्यात अडकतो. तो रानात निघत नाही. हूक उडतात. सायकल ढकलायच्या टप्प्यात पिंडरीला बॅग लागत राहते, ती तर सगळ्यात जास्त जाचते.

फ्रेम बॅगेत जड वस्तू : पाणी, हत्यारं, अन्न. हँडलला गुंडाळी, ३ किलोच्या आत, त्यात फक्त स्लीपिंग बॅग आणि तंबूचं कापड. तंबूच्या काठ्या टॉप ट्यूबला बांधा. सीटमागच्या बॅगेत कपडे. सगळं मिळून पाण्यासकट १२ किलोच्या पुढे गेलं तर काहीतरी काढा. चौघांत दोन तंबू, एक चूल, एक पंप, एक चेन तोडायचं हत्यार पुरतं. प्रत्येकाने सगळं न्यायची गरज नाही. ट्यूब मात्र प्रत्येकाची स्वतःची.

घरी ही चाचणी कराच : सामान बांधून पुढच्या फोर्कची सगळी हवा सोडा आणि हँडलवर वजन टाकून पूर्ण दाबा. टायर गुंडाळीला लागतो का बघा. फुल सस्पेन्शनवर मागचा शॉकही तसाच रिकामा करून सीट दाबा. मागच्या टायरला सीटची बॅग घासते, आणि ते पहिल्या मोठ्या दगडावरच कळतं, तोपर्यंत बॅगेला भोक पडलेलं असतं. मग हवा भरून सामानासकट सॅग (नुसत्या वजनाने शॉक दबतो तेवढा) २५ ते ३० टक्क्यांवर आणा. गुंडाळीखाली ब्रेकची नळी मुडपत नाही ना, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा.

ज्यांच्याकडे ड्रॉपर (चालवताना सीट खाली-वर करणारी सीट पोस्ट) आहे त्यांनी निर्णय घ्यावा. सीट बॅगेचा पट्टा ड्रॉपरच्या चकचकीत नळीवर बांधला की ती ओरखडते आणि सील जातं. मधे कडी मिळते, पण तेवढा ड्रॉप कमी होतो. या मार्गाच्या उतारांवर ड्रॉपर हवाच, म्हणून सीट बॅग लहान ठेवा आणि कपडे कमी करा.

रानवाट

फुल सस्पेन्शनवाल्याचे गिअर १२ आहेत, बाकी तिघांचे ९ आणि १०. वाटेत सुटे भाग मिळतील का?

चेनलूब

पाटणला ट्यूब, साधी ब्रेक केबल मिळेल असं धरा, त्यापुढे काही नाही. कराडला ९ पर्यंतचं सामान मिळतं. १२ चं काहीही घरूनच न्यायचं.

सोबत असावं : प्रत्येक सायकलचा स्वतःचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा). तो एकाचा दुसऱ्याला बसत नाही आणि करवंदीच्या जाळीत काडी अडकून मोडतो तो हाच. प्रत्येक स्पीडची क्विक लिंक (चेन जोडायची कडी) दोन. पॅडचा एक संच दर सायकलला. गिअर केबल १. स्पोक प्रत्येक लांबीचे दोन, निपलसह, सीट पोस्टच्या आत टेपने चिकटवून. शॉक पंप १. टी२५ असलेलं मल्टिटूल. रोटरचे बोल्ट सामानाच्या थरथरीने सैल होतात, रोज सकाळी हात फिरवा. झिप टाय १०–१२ आणि पंपाला गुंडाळलेली दीडेक मीटर डक्ट टेप.

हँगरही गेला आणि डिरेलरही, तर चेन छोटी करून एका गिअरवर घर गाठता येतं, पण फक्त हार्डटेलवर. फुल सस्पेन्शनमध्ये मागचा हात हलला की चेनची लांबी बदलते, चेन तुटते किंवा पडते. तेव्हा त्या सायकलसाठी हँगर दोन घ्या.

कोयनाकाठ

दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक ढिलं दिसतंय. ४० किमी वाचायला कमी वाटतं. सामानासह जांभ्यावर ताशी ८ किमी, ढकलायचा टप्पा आला की २ ते ३. त्यात दोन वेळा पाणी, जेवण, एखादं पंक्चर. ८ तास सहज. डिसेंबरात उजाडतं सातच्या सुमारास, मावळतं सहाच्या. म्हणजे साडेसातला चाकं फिरायलाच हवीत, आणि साडेचारला जिथे असाल तिथे मुक्काम शोधायला लागायचं. पाटणचा उतार अंधारात करू नका.

दुपारी १ ची रेषा आखा. त्या वेळेला वनकुसवड्याच्या सड्यावर पोचला नसाल तर त्या दिवशी पाटणचा नाद सोडा. पूर्वेकडे तारळी खोरं आहे, तिथे उतरलं की तारळे, पुढे उंब्रज आणि महामार्ग. जीपीएक्समध्ये (जीपीएसच्या मार्गाच्या फाइलमध्ये) या उतरत्या वाटा वेगळ्या रंगात टाकून ठेवा, फोनमध्ये ऑफलाइन नकाशा असू द्या. दऱ्यांत रेंज जाते. सड्यावर पवनचक्क्यांचे रस्ते एकमेकांना छेदतात आणि प्रत्येक फाटा सारखाच दिसतो. बरेचसे एखाद्या चक्कीच्या पायथ्याशी संपतात. खालून मोठा रस्ता वाटला म्हणून त्यावर जाऊ नका, फाट्यावर थांबून ट्रॅक बघा. चौकीदाराने अडवलं तर वाद नको, कंपनीची जागा आहे.

पाटीलवाडी

एवढं सावध व्हायची गरज आहे का? चौघं मुरलेले आहेत. चाळकेवाडी ते पाटण आणि तिथून पुढे नवारस्त्यापर्यंत एका दिवसात जमायला हवं. तिसरा दिवस मोकळा होतो.

कोयनाकाठ

रिकाम्या सायकलवर जमेल, दादा. लादलेल्या सायकलवर उतारालाही वेळ लागतो, दर काही मिनिटांनी ब्रेक थंड करायला थांबावं लागतं. शिवाय तिसरा दिवस हलका असला तर तो उशिराची भरपाई म्हणून कामी येतो. सलग दोन जड दिवस लावले की एका बिघाडाने सगळं वेळापत्रक कोसळतं.

पाटीलवाडी

ब्रेकचा मुद्दा पटला. तिसरा हलकाच राहू द्या.

चूलबंद

मुक्काम आणि स्वयंपाक.

वाडीत पोचलात की आधी माणसाला भेटा, तंबू नंतर. पोलीस पाटील किंवा सरपंच, नाहीतर देवळाजवळ बसलेली जाणती मंडळी. कुठून आलात, किती जण, सकाळी किती वाजता निघणार, एवढं सांगितलं की बहुतेक ठिकाणी देवळाचं किंवा शाळेचं पटांगण मिळतं. शाळेत उतरलात तर मुलं यायच्या आत आवरा. जेवणाचं विचारायचं असेल तर दुपारीच फोन करा. चार माणसांची पिठलं-भाकरी संध्याकाळी सात वाजता अचानक मागणं बरं नाही, आणि पैसे त्यांनी नको म्हटले तरी द्या.

शेकोटी नको. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, सड्यावर वारा, एक ठिणगी आणि डोंगर पेटतो. वणव्यात चारा जातो, तो त्याच वाडीच्या गुरांचा असतो. स्पिरिटची चूलही नको, कलंडली तर जळतं स्पिरिट पसरतं आणि उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. गॅसची चूल घ्या. २३० ग्रॅमच्या डब्यावर वारा नसताना १२–१४ लिटर पाणी उकळतं, वाऱ्यात बरंच कमी. चौघांना रात्री अडीच आणि सकाळी दोन लिटर धरलं तर ३ रात्रींचे साडेतेरा लिटर होतात, म्हणजे दोन डबे. वारा अडवताना डब्याभोवती पूर्ण वेढा घालू नका, डबा तापून फुटू शकतो. तीन बाजू पुरेत. आणि ट्रेनने येणाऱ्यांनी लक्षात घ्या, गॅस डबा ट्रेनमध्ये नेता येत नाही. साताऱ्यातच मिळतील अशी आधी सोय करून ठेवा.

चालवताना तासाला ५० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात साधारण २५, ५० ग्रॅम गुळात त्याच्या दुपटीच्या जवळ. गूळ-शेंगदाणा, चिक्की, दशम्या चांगल्या टिकतात. सांगलीकडचं भडंग हलकं आणि खारट, घामाने गेलेलं मीठ भरून काढायला उत्तम, फक्त चुरा होऊ नये म्हणून भांड्यात भरा. कंदी पेढे संध्याकाळी खा. चढावर स्निग्ध पदार्थ पोटात बसून राहतात. ओआरएसचं मोठं पाकीट बरोबर १ लिटरला, अर्ध्या लिटरमध्ये ओतलं तर उलट त्रास होतो.

तंबू स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा हवा. खुंटी जात नाही तिथे दोरी जड दगडाला गुंडाळायची. दगडाच्या कडेने ती कापली जाते, मधे जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. दव पडतं, दोन्ही बाजूंची झडप थोडी उघडी ठेवली नाही तर आतून पाणी टपकतं. झोपायची मात्र जाळी पूर्ण बंद. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि पुष्कळदा दुखतही नाही, सूजही नसते.

जांभ्यावर

मण्यारीचा विषय निघालाच तर, सड्यावर फुरसं भरपूर. दगडाखाली हात घालू नका, तंबूला दगड उचलतानासुद्धा आधी काठीने उलटा करा. सकाळी बूट झटका. चावा बसलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अंगठ्या-घड्याळ काढा, अवयव फळीला बांधल्यासारखा स्थिर करा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही. पाटणला ग्रामीण रुग्णालय आहे, मोठी रुग्णालयं कराड आणि साताऱ्याला. पठारावरून निघताना यातलं कुठलं जवळ, ते रोज सकाळी चौघांनाही माहीत हवं.

आणि कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर तिथे धूर नाही, आरडाओरडा नाही. सायकल उचलून दूरून जा.

एक विनंती. सड्यावर मळलेल्या वाटेबाहेर चाक घालू नका. तो पातळ मातीचा थर हेच तिथल्या फुलांचं घर. ओल्यात पडलेली टायरची चाकोरी पुढच्या पावसात ओहळ होते आणि माती घेऊन जाते. कासला यासाठीच कुंपण घालायची वेळ आली होती, बाकीच्या सड्यांना तेही नाही. शौचालाही तेच : सड्यावर १५ सेंटीमीटर खड्डा खणता येत नाही, म्हणून वाडीतलं शौचालय वापरा किंवा खाली मातीच्या उतारावर, झऱ्यापासून ६० मीटर दूर जा.

रानवाट

सगळ्यांचे आभार. सुधारलेला आराखडा :

पहिला मुक्काम चाळकेवाडीच्या वस्तीजवळ, देवळाचं किंवा शाळेचं पटांगण. उद्या फोन लावते. दुसऱ्या दिवशी साडेसातला प्रस्थान, १ वाजता वनकुसवडे नाहीतर तारळे. मुक्काम पाटण. तिसरा दिवस दिवशी घाटमार्गे ढेबेवाडी, दुपारपर्यंत. तिथे सायकली धुऊन तपासणी. चौथा गुढे-पाचगणी, शिराळा, पेठ नाका. पश्चिम काठ रद्द. रॅक रद्द. चार हँगर आणि फुल सस्पेन्शनला एक जास्तीचा, दोन गॅस डबे. निघण्याआधीच्या शनिवारी सगळं सामान लादून यवतेश्वर चढून कासच्या डांबरी रस्त्याने जाऊन-येऊन.

एकच राहिलं. पेठ नाक्याहून परत साताऱ्याला कसं यायचं? महामार्गाने सायकल मारायची नाहीये.

टेकडीपल्याड

बरोबर, महामार्ग नकोच, ट्रक आणि रस्त्याची कामं. शिराळ्यातूनच पिकअप ठरवा, चार सायकली एका गाडीत बसतात. दुपारीच ठरवून ठेवा, संध्याकाळी दर वाढतो. सायकली आडव्या नका ठेवू, उभ्या ठेवा. एकीचं तोंड दुसरीच्या शेपटीकडे, पेडल काढून, मधे स्लीपिंग मॅट. हौद्याच्या कड्यांना दोरी फ्रेममधून बांधा, चाकातून नको.

चेनलूब

पुढची चाकं काढावी लागली तर ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची जाड घडी सरकवा. वाटेत कुणाचा हात लिव्हरवर पडला की पिस्टन बाहेर येतात आणि मग रोटर आत जात नाही. पुठ्ठा नसेल तर आधीच तयारी म्हणून नव्या पॅडसोबत येणारी प्लॅस्टिकची पट्टी हत्यारांच्या पिशवीत टाकून ठेवा. यवतेश्वरची फेरी झाली की मागच्या पॅडचा फोटो इथे टाका, जाडी बघून सांगतो.